स्टेम सेलच्या चरबीचं किट: मीडियम घ्या, रंग घरचाच बरा

मी पुण्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. खरेदीचे कागद माझ्याच टेबलावरून जातात. मार्चएंड जवळ आला आणि बजेट संपवायची घाई सुरू झाली की एमएस्सीची मुलं हमखास विचारतात, 'ताई, ॲडिपोजेनिक किट मागवायचं का?' म्हणजे स्टेम सेलपासून चरबीच्या पेशी बनवायचं किट. यंदा मागवलं. मीडियम (पेशी ज्यात वाढतात तो द्रव), त्यात मिसळायचं सप्लिमेंट, पेशी आहे तशा पक्क्या करणारं फिक्सेटिव्ह आणि चरबी रंगवणारा ऑइल रेड ओ, सगळं एकाच खोक्यात. कंपनीचं नाव लिहीत नाही.

किट कशासाठी, ते आधी थोडक्यात. अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा नाळेतून काढलेल्या पेशींना मेसेन्कायमल स्ट्रोमल सेल (बोलताना आम्ही स्टेम सेलच म्हणतो) म्हणायचं, तर 2006 साली ठरलेले किमान निकष पाळावे लागतात. पेशी प्लास्टिकला चिकटल्या पाहिजेत, त्यांच्यावर सीडी 73, सीडी 90 आणि सीडी 105 ही ओळखीची प्रथिनं दिसली पाहिजेत, आणि त्यांच्यापासून हाड, कूर्चा आणि चरबी अशा तिन्ही प्रकारच्या पेशी बनवून दाखवता आल्या पाहिजेत. तिघांत चरबी सगळ्यांची लाडकी, कारण निकाल साध्या मायक्रोस्कोपखाली लालभडक दिसतो आणि थिसिसमध्ये फोटो छान येतो.

मीडियमबद्दल माझी काहीच तक्रार नाही. डेक्सामेथासोन, आयबीएमएक्स, इन्सुलिन आणि इंडोमेथासिन हे नेहमीचं चौकडं त्यात आहे. घरी करायचं तर डेक्सामेथासोन 1 मायक्रोमोलर, आयबीएमएक्स 0.5 मिलिमोलर, इन्सुलिन 10 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असं मोजत बसायचं. त्यात आयबीएमएक्स पाण्यात विरघळायला नको म्हणतं, इंडोमेथासिनचंही तेच. डीएमएसओ या द्रावकात विरघळवून घेतलं तरी थंड मीडियममध्ये घाईने ओतलं की खाली साका बसतो. तयार बाटलीत ही कटकट वाचते, आणि दोन बॅचेसमध्ये फरक पडला तर निदान दोष या चौघांच्या कॉकटेलवर जात नाही.

हे मीडियम काय करतं ते पाहण्यासारखं आहे. साधी स्टेम सेल साठवणुकीच्या भानगडीत फारशी पडत नाही. ग्लुकोज घ्यायचं, ग्लायकोलिसिसने अर्धवट तोडायचं, लॅक्टेट बाहेर टाकायचं. त्याने मीडियम आम्लधर्मी होतं, म्हणून फ्लास्क भरत आला की गुलाबी मीडियम पिवळट दिसायला लागतं. अस्थिमज्जेत ऑक्सिजन कमीच असतो, तिथे ही काटकसर तिला सोयीची. कॉकटेल मिळालं की चित्र पालटतं. चरबीची जनुकं चालू करणारा पीपीएआर-गॅमा जागा होतो, मायटोकाँड्रिया वाढतात, इन्सुलिनमुळे ग्लुकोज आत ओढलं जातं. मायटोकाँड्रियात तयार झालेलं सायट्रेट बाहेर येऊन पुन्हा ॲसिटिल-कोए बनतं, त्याची फॅटी ॲसिड आणि शेवटी ट्रायग्लिसराइड. मीडियममध्ये ग्लुकोज लिटरला 4.5 ग्रॅम असतं, म्हणजे रक्ताच्या रिपोर्टच्या भाषेत 450. माणसाचा एवढा आकडा आला तर डॉक्टर आधी झापतील आणि मग ॲडमिट करतील. पेशींना मात्र आपण मुद्दामच हे खायला घालतो.

साठवायला चरबीच का, तर हिशोब सरळ आहे. चरबीच्या एका ग्रॅमला 9 किलोकॅलरी, कर्बोदकांच्या ग्रॅमला 4. वर ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला कर्बोदकांचा साठा, एकटं राहत नाही, एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून बसतं. म्हणून शरीरात ग्लायकोजेन जेमतेम अर्धा किलो, आणि चरबी सडपातळ माणसाकडेही कित्येक किलो.

पेशींनी तळ शंभर टक्के भरल्याशिवाय साधं मीडियम बदलून हे घालू नका, एवढं किटसोबतचं पत्रक बरोबर सांगतं. वाढ थांबल्याशिवाय पेशी चरबीकडे वळत नाहीत. आठवड्याभरात फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली केंद्रकाच्या आजूबाजूला बारीक, चकाकणारे मणी दिसतात. मग ते फुगतात, एकमेकांत मिसळतात, आणि सुतासारखी लांबट पेशी गोलसर होते. डिशमध्ये एकच मोठा थेंब सहसा होत नाही, द्राक्षाच्या घडासारखे बरेच थेंब राहतात. तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबायची तयारी ठेवा.

पण पत्रकातली एक ओळ मी पेनाने खोडली आहे: 'जुनं मीडियम पूर्ण काढून टाका'. चरबीने भरलेल्या पेशींची प्लास्टिकवरची पकड ढिली होते. सक्शन लावून विहीर (प्लेटमधला खळगा) कोरडी केली की निम्मा निकाल पाइपात जातो. थोडं मीडियम शिल्लक ठेवायचं, पिपेटचं टोक भिंतीला टेकवायचं, नवीन मीडियम कोमट करून हळूहळू सोडायचं. आमच्या लॅबमध्ये 'थेंब दिसत नाहीत हो ताई' म्हणत येणाऱ्या मुलांना मी आधी पिपेट हातात घ्यायला लावते आणि उभी राहून बघते.

आता रंग. पैसे वाया जातात ते इथे. ऑइल रेड ओ चरबीशी कुठलाही रासायनिक बंध करत नाही. 60 टक्के आयसोप्रोपॅनॉलमध्ये त्याला जेमतेम राहवतं, चरबीत जास्त सुखाने विरघळतं, म्हणून तो थेंबात शिरतो. याचाच अर्थ असा की पाणी घातलेलं द्रावण टिकाऊ नसतं. किटमध्ये मात्र पाणी घातलेलंच द्रावण बाटलीत भरून पाठवलं होतं. बाटली उजेडात धरली तर तळाशी लाल गाळ. गाळून वापरला तरी अर्ध्या तासात स्लाइडवर सुया. नवख्या मुलाला लाल दिसलं की आनंद होतो, तो फोटो काढून सरांना पाठवतोही. खरा थेंब गोल असतो, पेशीच्या आत असतो, आणि पेशी फोकसमध्ये असताना तोही फोकसमध्ये असतो. गाळ टोकदार असतो, वरच्या पातळीवर तरंगतो आणि जिथे पेशीच नाहीत तिथेही बसलेला सापडतो.

घरची रीत अशी. अर्धा ग्रॅम पावडर 100 मिलिलिटर आयसोप्रोपॅनॉलमध्ये, हा स्टॉक. झाकण घट्ट असेल तर पुष्कळ दिवस टिकतो. वापरायच्या वेळी तीन भाग स्टॉक, दोन भाग पाणी, दहा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं, गाळायचं आणि तास-दोन तासांत संपवायचं. पेशी फॉर्मॅलिनने फिक्स करायच्या, मिथेनॉलने नाही, नाहीतर चरबीच धुऊन जाते. रंगाआधी 60 टक्के आयसोप्रोपॅनॉलची एक फेरी द्यायची. झाल्यावर पाण्याने धुऊन ओलं असतानाच बघायचं. टिकवायचं तर ग्लिसरॉलसारखं पाण्यात मिसळणारं माउंटिंग, झायलीनच्या वाटेला जायचं नाही, ते चरबी विरघळवतं. 25 ग्रॅमच्या बाटलीत पाच लिटर स्टॉक होतो. आमच्यासारख्या लॅबला एवढा कधी संपणार?

आकडा हवा असेल तर शुद्ध आयसोप्रोपॅनॉलने रंग परत काढून 510 नॅनोमीटरच्या आसपास मोजता येतो. पत्रकात हे दिलंय, पण प्लास्टिकही रंग पितं हे दिलेलं नाही. म्हणून एक विहीर पेशींशिवाय आणि एक विहीर साध्या मीडियममधल्या पेशींची, दोन्ही त्याच रंगातून न्यायच्या. त्या दोन विहिरी नसतील तर तुमच्या आकड्याला परीक्षक विचारणार नाही.

नाळेच्या व्हार्टन्स जेलीतल्या, म्हणजे आतल्या जेलीसारख्या भागातल्या, पेशी वापरत असाल तर खोक्यावरच्या फोटोची आशा धरू नका. त्या पेशी चरबी साठवण्यात आळशी, थेंब बारीक आणि तुरळक येतात. अस्थिमज्जेच्या किंवा लायपोॲस्पिरेटच्या (शोषून काढलेल्या चरबीच्या) पेशींवर हेच मीडियम भरभरून काम करतं. यात किटची चूक नाही. पण खोक्यावर 'मेटाबोलिक स्टडीज'साठी असं छापलंय, ते जरा अतीच झालं. साठा दिसतो, खर्चाचा वेग दिसत नाही. पेशी किती ऑक्सिजन जाळतात ते हवं तर सीहॉर्ससारखं मशीन लागतं, आणि ग्लायकोजेन बघायचं तर पीएएस स्टेनिंग (कर्बोदकं मॅजेंटा रंगवणारी पद्धत), तेही एका स्लाइडला आधी ग्लायकोजेन तोडणारं अमायलेज देऊन, म्हणजे मॅजेंटा रंग खरंच ग्लायकोजेनचा आहे का ते कळतं.

फिक्सेटिव्ह ठीकठाक. म्हणजे फॉर्मॅलिनच, आकर्षक बाटलीत.

तर मीडियमला पाचपैकी साडेचार, रंगाला एक, पत्रकाला दोन. मीडियम सुटं मिळतं, डीलरला स्पष्ट विचारा. तो आधी पूर्ण किटच पुढे करतो. सप्लिमेंट आल्या आल्या छोट्या भागांत वाटून फ्रीझ करा, कारण एकदा मिसळलं की महिन्याभरात संपवावं लागतं आणि छोट्या लॅबमध्ये एवढ्या प्लेट्स निघत नाहीत. आम्ही पुढची बाटली शेजारच्या लॅबबरोबर अर्धी-अर्धी घेणार आहोत. पावडर आमच्याकडे भरपूर आहे, त्यांनी फक्त आयसोप्रोपॅनॉल आणावं.