दुकान उदगीरला, दुरुस्ती लातुरातून : क्रोम रिमोट डेस्कटॉप

मृग निघाला की उदगीरच्या माझ्या मित्राच्या कृषी सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. सोयाबीनचं बियाणं घेणारा शेतकरी पक्क्या बिलाशिवाय हलत नाही, आणि बरोबरच आहे. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीला लॉट नंबर टाकलेलं बिलच कामाला येतं. अशा ऐन गर्दीत त्याचा फोन, "अरं, बिल छापायचं सोडून हे कॉम्प्युटर कुठं सेव्ह करू म्हणून इचारायलंय!"

मी लातुरात. एसटीनं जायचं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरलं. दूरचा कॉम्प्युटर इंटरनेटवरून आपल्या स्क्रीनवर बघून चालवता येतो, अशी ही गुगलची सोय. फुकट आहे, फक्त दोघांकडं गुगल खातं हवं. त्याच्या बाजूला एक छोटा प्रोग्राम टाकावा लागतो, तो फोनवर सांगून टाकून घेतला. मग त्याच्या स्क्रीनवर १२ आकडी कोड आला. हा कोड ५ मिनिटंच चालतो, तोही एकदाच. बरं, कोड टाकला म्हणून लगेच आत जाता येत नाही. माझा ईमेल दाखवून, याला कॉम्प्युटर वापरू द्यायचा का, असं त्याला विचारलं जातं. मला सगळ्यात जास्त हेच आवडलं. किल्ली घरमालकाच्याच हातात राहते.

आत गेल्यावर दुखणं सापडलं. डिफॉल्ट प्रिंटर, म्हणजे वेगळा निवडला नाही तर वापरला जाणारा प्रिंटर, विंडोजनंच ठरवावा, अशी एक सेटिंग असते. ती चालू असली की शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप डिफॉल्ट होतो. पीडीएफ फाइल काढायची सोयही विंडोजमधे प्रिंटर म्हणूनच दिसते. त्यानं मधे एका कंपनीला पाठवायला पीडीएफ काढली होती, तेव्हापासून प्रत्येक बिल पीडीएफकडंच चाललेलं! सेटिंग बंद केली, दुकानातला प्रिंटर डिफॉल्ट केला, आणि प्रिंटरनं कागद ओढल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

एक मात्र कळकळीनं सांगतो. हा कोड ओळखीच्या, आपण स्वतः फोन लावलेल्या माणसालाच द्या. 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला स्क्रीन दाखवायचीच नाही. स्क्रीन दुसऱ्याच्या ताब्यात देणाऱ्या ॲपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ सालीच सावध केलं होतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

उणिवा आहेत. ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) टाकताना विंडोज परवानगी मागते, तिथं आपला माउस चालत नाही. समोरच्यालाच 'येस' दाबावं लागतं. लाइट गेली की राउटर बंद, मग पुन्हा नवा कोड. शिवाय दर ३० मिनिटांनी शेअरिंग चालू ठेवायचं का, हे त्याला विचारलं जातं. तो गिऱ्हाइकात गुंतलेला असला की ते राहून जातं आणि कनेक्शन तुटतं. म्हणून काम संपेपर्यंत त्याला फोन स्पीकरवर, काउंटरवरच ठेवायला सांगतो.