रक्तगुठळ्यांसाठी संयुक्त ओपीडी: आठेक महिन्यांचा अनुभव

धाकट्या बहिणीचा डावा पाय मांडीपर्यंत सुजला, डॉपलरमध्ये (रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीत) रक्ताची गुठळी दिसली, रिव्हारोक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. इथपर्यंत कुठल्याही बऱ्या हॉस्पिटलात हेच झालं असतं. पुण्यातल्या ज्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आम्ही जातो, तिथला फरक त्यानंतर कळला.

इथे आठवड्यातून एक सकाळ व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन आणि हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) एकाच टेबलाशी बसतात. चिठ्ठी घेऊन या मजल्यावरून त्या मजल्यावर पळायचं नाही. ऑपरेशन नाही, लांबचा प्रवास नाही, मग चौतिसाव्या वर्षी गुठळी का, हा प्रश्न सर्जननीच काढला. हिमॅटॉलॉजिस्ट बाईंनी आधीच्या गर्भपातांबद्दल विचारलं आणि अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमच्या (शरीरातल्याच अँटिबॉडींमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आजार) तिन्ही तपासण्या लिहिल्या. रिव्हारोक्साबॅनमुळे त्यातली एक तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्त सकाळी, गोळी घ्यायच्या आधी काढलं. तिन्ही पॉझिटिव्ह आल्या. १२ आठवड्यांनी पुन्हा केल्या, तेव्हाही तेच.

पहिल्याच रिपोर्टनंतर गोळी बदलली. तिन्ही पॉझिटिव्ह असलेल्यांना रिव्हारोक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांपेक्षा रक्त पातळ करणारी जुनी असिट्रोमच बरी. इटलीतला एक अभ्यास रिव्हारोक्साबॅनवाल्यांना जास्त त्रास झाल्याने मध्येच थांबवावा लागला होता, असं बाईंनी सांगितलं. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) २ च्या वर टिकेपर्यंत पोटात हेपॅरिनची, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं. पोटावर निळे-जांभळे डाग पडले, पण घरच्या घरी जमलं.

खरी कमाल कोऑर्डिनेटर सिस्टरांची. त्यांच्याकडे प्रत्येकाची वही: तारीख, आयएनआर, डोस. आमचा सध्याचा डोस सोम-बुध-शुक्र ३ मिलिग्रॅम, इतर दिवशी २. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाकला की संध्याकाळपर्यंत उत्तर येतं. पालेभाज्यांनी या गोळीचा परिणाम बदलतो, तरी मेथी-पालक बंद करायला सांगितलं नाही, फक्त ‘एका आठवड्यात ढीगभर आणि पुढच्या आठवड्यात शून्य असं नको’. बोटाला टोचून आयएनआर बघायचं मशीन मी घेणार होतो. या आजारात ते चुकीचा आकडा दाखवू शकतं, म्हणून शिरेतलंच रक्त द्या म्हणाल्या. दुकानदाराने हे सांगितलं नसतं!

दाढ काढायची वेळ आली तेव्हा आमच्या डेंटिस्टने पाच दिवस असिट्रोम बंद करा म्हणून सांगितलं. सिस्टरांनी त्यांनाच फोन लावला. आयएनआर बघून, गोळी चालू ठेवून, टाके आणि ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या (रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधाच्या) गुळण्या, एवढ्यावर निभावलं. दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल; डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन अजिबात नाही.

आता वैताग. रविवारी रात्री नाकातून रक्त थांबेना म्हणून कॅज्युअल्टीत गेलो, तर तिथल्या ड्यूटी डॉक्टरला वहीचा पत्ताच नाही. कोऑर्डिनेटरचा फोन शनिवार दुपारनंतर बंद. पहिल्यापासून सगळी कहाणी सांगितली. आता वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये असतो. शिवाय ओपीडीत नंबर लागायला दुपार होते, आणि आमच्या पॉलिसीत ओपीडी बसत नसल्याने तपासण्या, दाबाचे मोजे सगळं खिशातून.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गुठळी झाली आणि तीन महिन्यांत गोळी थांबणार असेल, तर इतक्या लांब येण्यात अर्थ नाही, जवळचा फिजिशियन पुरे. कारण सापडत नसेल, गुठळी पुन्हा झाली असेल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल, तर मात्र अशीच ओपीडी शोधा. बहिणीचा तोच विचार आहे. पोटातल्या बाळाला असिट्रोम चालत नाही, त्यामुळे कधी थांबवायची आणि हेपॅरिन कधी सुरू करायचं हे आतापासूनच वहीत लिहून ठेवलंय. पुढच्या खेपेला स्त्रीरोगतज्ज्ञही त्याच टेबलाशी असतील.