रेझिस्टन्स बँडवर छापलेले किलो : अँजिओप्लास्टीनंतर आठ महिने वापरून

गेल्या मंगळवारी सकाळी माझ्या रेझिस्टन्स बँडच्या, म्हणजे ताणून व्यायाम करायच्या रबरी नळ्यांच्या, संचातली लाल ट्यूब तुटली. दाराकडच्या टोकाला, कडीजवळ तुटली आणि सटकन येऊन माझ्या डाव्या मनगटावर बसली. स्टेंट बसवल्यापासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या गोळ्या चालू आहेत. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या हातावर नुसता वळ उठला असता, तिथे माझा हात कोपरापर्यंत काळानिळा पडलाय. डोळ्याला लागलं असतं तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

संच नेहमीचाच आहे : पाच रंगांच्या ट्यूब, दोन मुठी, दारात अडकवायचा पट्टा. १,१४९ रुपयांना घेतला. माझं वय ५८, एलएडीमध्ये, म्हणजे हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीत, एक स्टेंट. रिहॅबच्या, म्हणजे देखरेखीखालच्या व्यायामाच्या, बारा आठवड्यांत फिजिओने मला दोन किलोच्या डंबेलपर्यंत आणलं होतं. घरी आल्यावर मात्र सगळ्यांचा एकच सूर : "आता वजनबिजन नको, चालणं पुरे." चालते मी रोज. पण गिरणीतून दळणाचा डबा आणताना हात भरून येत, नातवाला कडेवर घेता येत नव्हतं, आणि दंडातली ही ताकद चालण्याने परत येत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२३ च्या निवेदनातही हृदयरोग असलेल्यांना असा ताकदीचा व्यायाम सांगितलेला आहे. डॉक्टरांनी माझी टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) बघूनच हो म्हटलं. ज्यांचं बीपी ताब्यात नाही, ज्यांच्या छातीत अधूनमधून दुखतंय किंवा ज्यांच्या हृदयाची झडप अरुंद झाली आहे, त्यांनी माझं वाचून काहीही सुरू करू नये.

पहिल्या महिन्यात मी या संचाला पाच तारे दिले होते. ते मागे घेते. कारण आहे ट्यूबवर छापलेले किलो.

लाल ट्यूबवर ९ किलो छापलंय. डॉक्टरांनी सांगितलेलं की सुरुवात हलकी करा, दहा ते पंधरा वेळा आरामात जमेल एवढीच. मग हे ९ किलो नक्की कुठे लागतात? दुसऱ्या महिन्यात पिवळी सोडून लाल घेतली, पायाखाली दाबून दंडाचा व्यायाम केला, तर शेवटच्या चार इंचांत माझा श्वास अडकायला लागला. एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या दिवशी प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा काढला आणि शिवणाची टेप घेऊन जमिनीवर बसले. १२० सेंटिमीटरची ट्यूब १५० पर्यंत ताणली की अडीच किलो, १८० ला चार, २४० ला सहाच्या वर. नऊ किलो भरायला ती तिप्पट ताणावी लागली. तेवढा माझा हातच पुरत नाही.

हे वाचून वाटेल, मग काय, छापलंय त्यापेक्षा कमीच! तसं नाही. ट्यूब पायाखाली मधोमध दाबली की प्रत्येक हाताला ६० सेंटिमीटरच उरतात. मूठ खांद्याशी आणेपर्यंत ती जवळजवळ दुप्पट ताणली जाते आणि एकेका हाताला सहा किलोच्या आसपास ओढ बसते. रिहॅबमध्ये दोन किलो उचलणारी मी घरी नकळत त्याच्या तिप्पट ओढत होते. तेही नेमकं शेवटाला, जिथे माणूस दात-ओठ खाऊन श्वास कोंडतो.

श्वास कोंडणं किती महागात पडतं ते फिजिओने सांगितलं होतं. १९८५ साली कॅनडात पाच निरोगी बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून बीपी मोजलं होतं. पायांनी जड वजन ढकलताना सरासरी ३२०/२५० आलं, एकाचं तर ४८०/३५० च्या पुढे गेलं. म्हणून तो प्रत्येक वेळी विचारायचा, "काकू, श्वास कुठे गेला?" घरी विचारणारं कोणी नाही. मी पाढे म्हणायला लागले, मोठ्याने. मूठ ओढताना "बारा एके बारा", सोडताना श्वास आत. बोलताना श्वास कोंडताच येत नाही, आणि पाढा संपला की दहा झाले. ओळ तुटक यायला लागली की वजन जास्त झालं असं समजायचं. मनगटावरच्या घड्याळापेक्षा मला याचा भरवसा जास्त आहे, कारण मेटोप्रोलॉल या नाडी मंद ठेवणाऱ्या गोळीमुळे माझी नाडी कितीही कष्ट केले तरी फारशी चढत नाही. व्यायाम किती जड वाटतोय ते आपणच सांगायच्या ६ ते २० च्या बोर्ग मापावर ११ ते १३, म्हणजे "थोडं कठीण"च्या पुढे जायचं नाही, एवढं ठरवलंय.

काट्यानंतर माझं मत पुन्हा बदललं, हेही सांगायला हवं. पायाखाली दाबून करायचे सगळे प्रकार बंद केले. दाराला अडकवून, खुर्चीत बसून दोन्ही मुठी पोटाकडे ओढायचा व्यायाम मात्र या संचावर फार छान होतो. वाकावं लागत नाही, आणि खुर्ची वीतभर पुढे सरकवली की ओढ कमी होते. फरशीवर खडूने रेघा मारून ठेवल्यात. पाच महिन्यांत दळणाचा डबा एका हाताने उचलायला लागले.

आणि मग ती तुटली. रबराला ऊन आणि घाम सोसत नाही, म्हणून मी ट्यूब पुसून ओट्याखालच्या खणात ठेवायचे. दर रविवारी हाताने चाचपायचे. पण चीर कडीजवळच्या प्लॅस्टिकच्या टोपणाआड होती. ते टोपण मागे सरकवून बघायचं असतं हे माहितीपत्रकात कुठेही नाही. कंपनीला फोन केला, तर हमी सहा महिन्यांची. तुटतानाचा व्हिडिओ मागितला! सुटी ट्यूब विकत नाहीत, पूर्ण संच घ्या म्हणाले. चार चांगल्या ट्यूब घरात असताना पुन्हा १,१४९ रुपये मी देणार नाही.

त्याऐवजी व्यायामसाहित्याच्या दुकानातून किलोच्या भावाने लोखंडी डंबेल आणले, दोनची आणि तीनची जोडी. दोन किलो म्हणजे खाली दोन आणि वरही दोनच. दंडाचा आणि खांद्याचा व्यायाम त्यावर. बसून ओढायचा व्यायाम आता हिरव्या ट्यूबवर, चष्मा लावून, आणि दर वेळी टोपण मागे सरकवून बघितल्यावरच.

तीन तारे. वजनाशेजारी ते किती ताणल्यावर भरतं हे छापलं आणि सुटी ट्यूब विकायला ठेवली, तर चौथा देईन.