टीमसाठी टास्क अ‍ॅप निवडताय? ट्रेलो, असाना, क्लिकअप आणि प्लॅनरमध्ये नवं काय आलं, ते कोणाच्या कामाचं

टीमसाठी टास्क मॅनेजमेंट अ‍ॅप शोधायला बसलं की आधी फीचर्सचे तक्ते समोर येतात. बोर्ड आहे, कॅलेंडर आहे, ऑटोमेशन आहे, एआय आहे, आणि सगळ्यांच्या पुढे बरोबरची खूण. अर्धा तास ते वाचून माणूस जिथे होता तिथेच राहतो. मी एका छोट्या टीमचं काम बरीच वर्षं अशा अ‍ॅपवर सांभाळते आहे आणि आतापर्यंत तीनदा अ‍ॅप बदललं आहे. त्यामुळे आता मी अ‍ॅपमध्ये एकूण काय काय आहे हे मोजत बसत नाही. गेल्या दोनतीन वर्षांत त्यात नवीन काय आलं ते बघते. नवीन काय बनवायचं हे ठरवताना कंपनीच्या डोळ्यांसमोर कोण होतं, ते त्यातून कळतं. काम करणारा होता, काम सोपवणारा होता, की सगळ्या कामांवर नजर ठेवणारा? तुमच्या टीमचं घोडं यांपैकी जिथे अडतं, तिकडे लक्ष देणारं अ‍ॅप तुमचं.

तुलना हवेत राहू नये म्हणून एकच काम चारही अ‍ॅपमधून फिरवून बघू. क्लायंटचा मेल येतो, माहितीपत्रकाची तीन पानं शुक्रवारपर्यंत बदलून हवीत. मजकूर एकजण लिहिणार, डिझाइन दुसरी करणार, तिसरा तपासून पाठवणार. काम तसं साधं, पण टीमचे निम्मे दिवस अशाच कामांत जातात.

ट्रेलो

ट्रेलो 2011 साली आलं आणि 2017 पासून ते अ‍ॅटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीकडे आहे. बोर्ड, त्यावर लिस्ट, लिस्टमध्ये कार्ड, एवढं कळलं की नवा माणूस दहा मिनिटांत कामाला लागतो. ही सोपेपणाची बाजू अजून तशीच आहे. बदल झाला तो 2025 मध्ये. बोर्डाच्या शेजारी इनबॉक्स आणि प्लॅनर असे दोन नवे भाग आले. (हा प्लॅनर ट्रेलोचाच, खाली येणारा मायक्रोसॉफ्टचा प्लॅनर वेगळा.)

आपला मेल इथे कसा जाईल ते बघा. मेल फॉरवर्ड केला की इनबॉक्समध्ये त्याचं कार्ड तयार होतं. स्लॅक या ऑफिसच्या चॅट अ‍ॅपवरचा मेसेजही तसाच आत घेता येतो. मग ते कार्ड उचलून टीमच्या बोर्डावर ठेवायचं, किंवा प्लॅनरमध्ये आपल्या कॅलेंडरवरच्या मोकळ्या तासात ओढायचं. दिवसभर दहा ठिकाणांहून कामं अंगावर येणाऱ्या माणसाला हे फार सोयीचं आहे. मी स्वतः यामुळे चिकटनोटा लिहायचं सोडलं.

पण इनबॉक्स खाजगी असतो. त्यातलं कार्ड फक्त त्या माणसाला दिसतं. म्हणजे मेल ज्याच्याकडे आला त्याने कार्ड बोर्डावर आणेपर्यंत त्या तीन पानांचं काम टीमच्या लेखी अस्तित्वातच नाही. ज्या टीममध्ये कामं एकेकाच्या खिशात राहतात, तिथे हा अपडेट खिसा आणखी खोल करतो. ट्रेलोचा नवा रोख सरळसरळ एकट्या माणसाचा दिवस सावरण्याकडे आहे. छोट्या, एकमेकांशी सतत बोलणाऱ्या टीमला हे चालतं. ज्यांचं बोलणं आठवड्यातून एकदा होतं, त्यांना अवघड जाईल.

फुकट योजनेबद्दल दोन गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. 2024 पासून एका वर्कस्पेसमध्ये (म्हणजे टीमचे बोर्ड जिथे एकत्र असतात त्या जागेत) जास्तीत जास्त 10 जण चालतात आणि पाहुणे म्हणून आलेलेही त्यात धरले जातात. संख्या ओलांडली की बोर्ड नुसते बघता येतात, त्यावर काम करता येत नाही. दुसरी गोष्ट छोटी वाटते, पण रोज टोचते. कार्डातल्या चेकलिस्टच्या ओळीला माणूस आणि तारीख लावणं ही पैसे भरून मिळणारी सोय आहे. आपल्या उदाहरणात लेखन, डिझाइन आणि तपासणी या तीन ओळी. फुकटात त्या नुसत्या ओळीच राहतात, कोणाच्या नावावर पडत नाहीत. तीन वेगळी कार्डं करावी लागतात, आणि मग ती एकाच कामाची आहेत हे लक्षात ठेवावं लागतं. एकच कार्ड दोन बोर्डांवर दाखवणारी मिरर कार्डाची सोयही पैसे भरणाऱ्यांनाच आहे. ती मात्र खरोखर उपयोगी आहे. दोन टीममध्ये मिळून चालणारं काम असेल तर तेवढ्यासाठीही पैसे भरावेत असं मी म्हणेन.

असाना

असानाचं मूळ तत्त्व सुरुवातीपासून तेच आहे, एका टास्कला एकच माणूस. बाकीचे सोबती म्हणून जोडले जातात, त्यांना सूचना जातात, पण जबाबदार एकच. अनेकांना हे जाचक वाटतं. मलाही वाटायचं. मग एकदा आम्ही (दुसऱ्याच एका अ‍ॅपवर) एका कार्डावर तिघांचे चेहरे लावले आणि शुक्रवार उलटून गेला तरी काम जागचं हललं नाही. चूक कोणाची म्हणायची? प्रत्येकाने कार्ड उघडून पाहिलं होतं, बाकीच्या दोघांची नावं दिसली होती आणि कार्ड बंद केलं होतं. त्या दिवसापासून मी एकाच नावाची आहे.

इथे आपलं काम एक टास्क आणि खाली तीन सबटास्क असं बसतं. प्रत्येक सबटास्कला वेगळा माणूस, वेगळी तारीख. शिवाय एकच टास्क दोनतीन प्रोजेक्टमध्ये एकाच वेळी ठेवता येतो. क्लायंटच्या प्रोजेक्टमध्येही तोच, डिझाइनच्या प्रोजेक्टमध्येही तोच. एका ठिकाणी कमेंट लिहिली की दुसरीकडे दिसते. ही सोय जुनी आहे, पण मला अजूनही असानातली सगळ्यात मोलाची तीच वाटते.

नव्यात मोठी गोष्ट म्हणजे 2024 मध्ये आलेला एआय स्टुडिओ. काम आत येण्याच्या दारावर एआय बसवायचा, अशी ती कल्पना आहे. कोणी फॉर्म भरून काम मागितलं की एआय ते वाचतो, माहिती अपुरी असेल तर दाखवून देतो, कामाचा प्रकार ठरवतो आणि योग्य माणसाकडे वळवतो. कोड लिहावा लागत नाही, साध्या भाषेत सूचना लिहायच्या. आपल्या मेलमध्ये "तीन पानं" असं आहे पण कुठली ते नाही, हे लेखकाच्या हातात काम पडायच्या आधीच कळलं तर एक दिवस वाचतो. दर आठवड्याला तीसचाळीस मागण्या येणाऱ्या टीमला हे वरदान आहे. पाच मागण्या येत असतील तर हा नियम बसवायला जेवढा वेळ जाईल, तेवढ्यात एक माणूस त्या पाचही वाचून टाकेल.

एआयचा वापर क्रेडिटवर (ठरलेल्या कोट्यातून वापरागणिक वजा होणाऱ्या एककांवर) मोजला जातो आणि तो फुकट योजनेत नाही. एका टास्कवर दुसरा अवलंबून ठेवणं आणि टाइमलाइन (कामं तारखांच्या पट्टीवर मांडून दाखवणं) या गोष्टीही पैसे भरूनच मिळतात. म्हणजे असानाचं खरं बळ फुकटात अनुभवायला मिळत नाही. निर्णय घ्यायचा तो सशुल्क योजनेच्या चाचणीवर घ्या.

क्लिकअप

क्लिकअप 2017 मध्ये आलं आणि पहिल्यापासून त्यांचं म्हणणं एकच, सगळं एका जागी. अपडेटही त्याच दिशेने येत गेले. 2024 मध्ये ब्रेन नावाचा एआय आला, त्याच वर्षी नव्या रूपातलं चॅट आलं, आणि 2025 च्या अखेरीस 4.0 ही आवृत्ती. टास्क, डॉक्स, व्हाइटबोर्ड, वेळेची नोंद आणि गप्पा हे सगळं एकाच खिडकीत.

आपलं काम इथे हवं तसं बसवता येतं. एका टास्कला तीन माणसं लावा किंवा एकच लावा. अनेक माणसं लावण्याची सोय बंद करायची मुभा आहे, आणि ती पहिल्याच दिवशी बंद करावी असा माझा आग्रह राहील. "लिहून झालं", "डिझाइनला दिलं", "तपासणीत" अशा आपल्या भाषेतल्या स्थिती ठेवता येतात. एक सोय मात्र मनापासून आवडते, ती म्हणजे कमेंट कोणाच्या तरी नावावर टाकणं. "दुसऱ्या पानावरचा फोटो बदल" असं लिहून ती ओळ डिझायनरच्या नावावर केली की ती मिटेपर्यंत तिच्या यादीत राहते. वेगळा टास्क काढायला नको, आणि बोलता बोलता ठरलेली गोष्ट विसरायला नको. कितीतरी कामं अशा एकाएका ओळीत सांडतात.

अडचण आहे ती पसाऱ्याची. वर्कस्पेस, त्यात स्पेस, त्यात फोल्डर, त्यात लिस्ट, मग कुठे टास्क. ही रचना कोणीतरी बसून ठरवावी लागते आणि पुढे राखावीही लागते. तसं माणूस टीममध्ये असेल, ज्याला हे जमतं आणि आवडतं, तर क्लिकअपइतकी मोकळीक कुठेच नाही. नसेल तर तीन महिन्यांत प्रत्येकाने आपापलं फोल्डर केलेलं असतं आणि एकच काम तीन ठिकाणी वेगवेगळ्या स्थितीत सापडतं. दर अपडेटला डावीकडच्या पट्टीत काहीतरी सरकतं, ही तक्रारही माझ्या ओळखीतले लोक सारखी करतात. तरुण, सतत संगणकासमोर बसणाऱ्या टीमला त्याचं काही वाटत नाही. दिवसातून दोनदा फोनवरून यादी बघणाऱ्यांना वाटतं.

मायक्रोसॉफ्ट प्लॅनर

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तुमची संस्था आधीच मायक्रोसॉफ्ट 365 वापरत असेल तर प्लॅनर आधी बघा, नसेल तर सोडून द्या. 2024 मध्ये टू डू, जुना प्लॅनर आणि वेबवरचा प्रोजेक्ट या मायक्रोसॉफ्टच्याच तीन अ‍ॅपना एकत्र आणून टीम्स या त्यांच्या चॅट आणि मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये नवा प्लॅनर आला. माझी स्वतःची कामं आणि टीमच्या योजना एका ठिकाणी दिसू लागल्या, हा खरा फायदा. साध्या योजनेत सबटास्क मात्र नाहीत, चेकलिस्ट आहे आणि तीही 20 ओळींची. आपली तीन पानं त्यात आरामात मावतात, पण तिन्ही ओळींना वेगळा माणूस लावता येत नाही. टाइमलाइन आणि अवलंबित्व हवं तर प्रीमियम घ्यावं लागतं.

एआयच्या सारांशावर किती विसंबायचं

चारही ठिकाणी कमीजास्त प्रमाणात एआय आला आहे, आणि विक्रीच्या पानावर सगळ्यात ठळक तोच असतो. त्यातली टीमप्रमुखांना भुरळ घालणारी गोष्ट म्हणजे प्रगतीचा सारांश. बटण दाबलं की आठवडाभराचं काम चार ओळींत. मी एका अ‍ॅपवर ही सोय दोन महिने वापरली. एका सोमवारी सारांशात लिहिलं होतं की अमुक काम वेळेवर चाललं आहे. प्रत्यक्षात डिझायनर गुरुवारपासून दोन फोटोंसाठी थांबली होती. तिने ते सांगितलं होतं, पण फोनवरच्या मेसेजमध्ये. टास्कमध्ये एक अक्षर नव्हतं, तारीख उलटलेली नव्हती, स्थिती "सुरू" होती. एआयने जे दिसलं ते इमानाने लिहिलं.

म्हणून सारांशासाठी पैसे मोजण्याआधी आपल्या टीमची सवय तपासा. अडचण टास्कमध्ये लिहिली जाते का? मागच्या महिन्यात उशिरा झालेली पाच कामं उघडा आणि उशिराचं कारण त्यांच्या कमेंटमध्ये सापडतं का ते बघा. पाचपैकी चारांत सापडलं तर सारांश उपयोगी पडेल. एकातच सापडलं तर कुठल्याही अ‍ॅपचा एआय तुम्हाला गोड बोलून अंधारात ठेवेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

मग घ्यायचं कोणतं

पाचसात जण, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर, आणि त्रास एवढाच की कामं मेलमध्ये हरवतात: ट्रेलो. कामं एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाताना रखडतात, "मला वाटलं तू करतोयस" हे वाक्य वरचेवर ऐकू येतं: असाना, आणि तेही सशुल्क. कामाची पद्धत इतरांपेक्षा वेगळी आहे, चॅट आणि कागदपत्रंही तिथेच हवीत, आणि रचना सांभाळणारं माणूस हाताशी आहे: क्लिकअप. मला स्वतःला आज नव्याने निवडायचं झालं तर मी असाना घेईन, कारण माझ्या टीमचा जुना आजार हस्तांतराचा आहे. तुमचा वेगळा असू शकतो.

चाचणी मात्र खोट्या कामांवर घेऊ नका. "टेस्ट 1", "टेस्ट 2" अशा कार्डांवर प्रत्येक अ‍ॅप गोंडस दिसतं. दोन आठवडे एक खरं काम त्यावर चालवा. आणि ज्याला असल्या अ‍ॅपचा सगळ्यात जास्त कंटाळा आहे त्याला त्यात घ्या. उत्साही माणसं कशावरही काम करतात, निर्णय त्यांच्यावरून करू नये. दुसऱ्या आठवड्यात त्या कंटाळलेल्या माणसाने न सांगता स्वतःहून टास्क पूर्ण केल्याची खूण केली का, एवढंच बघा.

आणखी एक काम चाचणीच्या पहिल्याच दिवशी करा. डेटा बाहेर काढून बघा. वंडरलिस्ट हे कामांच्या याद्यांचं अ‍ॅप 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं आणि 6 मे 2020 रोजी बंद केलं. चांगलं, लाडकं अ‍ॅप होतं, तरी याद्या उचलून दुसरीकडे जावंच लागलं. ट्रेलोतून जेसन फाइल (दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा रूपातली) फुकटात निघते, पण एक्सेलमध्ये उघडणारी सीएसव्ही प्रीमियम योजनेत मिळते, आणि जेसनमध्ये जोडलेल्या फाइल्स नसतात, त्यांच्या लिंक असतात. असाना सीएसव्ही देतं, प्लॅनर एक्सेल देतं. दहा टास्क भरा, त्यावर चारदोन कमेंट टाका, एक फाइल जोडा आणि एक्स्पोर्ट करा. मग ती फाइल स्वतः उघडून कमेंट त्यात आल्या आहेत का ते बघा. उशिराची कारणं आणि क्लायंटने बदललेले शब्द सगळे त्या कमेंटमध्येच असतात.