कोल्हापुरी मटण थाळी: जुनी खानावळ की फॅमिली रेस्टॉरंट?

पाहुण्यांना कुठे न्यावं, यावर कोल्हापुरात प्रत्येकाचं मत वेगळं. जुन्या खानावळीत वाढपी तांबडा-पांढरा रस्सा न मागताही वाढत राहतो. पांढऱ्यात खसखस, काजू, नारळाचं दूध नीट जाणवतं. तांबड्यावर झणझणीत तर्री. पण रविवारी दुपारी तिथे ताटकळावं लागतं, आणि मागे माणसं उभी असली की निवांत जेवता येत नाही.

फॅमिली रेस्टॉरंटात एसी, ऐसपैस टेबल, शाकाहाऱ्यांची सोय. मात्र दुसऱ्या वाटीसाठी वेटरला हाका माराव्या लागतात, आणि पांढरा बऱ्याचदा कोमट येतो. तो वाफाळता नसेल तर चव गेलीच!

सोबत वयस्कर मंडळी असतील तर रेस्टॉरंट बरं. नाहीतर मी खानावळच सांगेन. फक्त साडेबाराच्या आत पोचा.