पुरात बुडालेली एस-क्लास माझ्या गळ्यात मारली, २३ लाख गेले

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत माझ्या दुकानाच्या माळ्याला लागलं होतं. पंधरा दिवस घरातली सगळी माणसं गाळ उपसत होती. तो वास मी जन्मात विसरणार नाही. आणि मलाच पुरात बुडालेली मर्सिडीज विकली. लाज वाटते म्हणून आठ महिने नातेवाइकांनाही सांगितलं नव्हतं. पण आपल्याकडचे बरेच जण मुंबई-ठाण्याहून जुन्या मोठ्या गाड्या आणतात, म्हणून आता लिहितोय.

एस ३५० डी, २०१६ ची, पांढरी, तामिळनाडू पासिंग, मीटरवर ४८,०००. हौस नडली म्हणणारे म्हणोत. मुलीचं लग्न तोंडावर होतं, आणि वडील ८१ वर्षांचे, दोन्ही गुडघे गेलेले. सव्वापाच मीटर लांब गाडी, मागे पाय पसरून बसता येतं. यात माझं काय चुकलं? नवी असताना कोटीच्या वर जाणारी ही गाडी जुनी झाली की भाव धाडकन पडतो, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे २३ लाख ऐकून संशय आला नाही.

ठाण्याला जुन्या गाड्या विकणाऱ्या यार्डात गेलो तेव्हा चारही काचा खाली, एसी जोरात चालू. दार उघडलं तर अत्तराचा भपकारा. आणि अत्तराच्या खाली तो वास होता. होता! मी बायकोकडे बघितलं, तिनेही नाक मुरडलं. यार्डवाला लगेच म्हणाला, "काका, दोन महिने बंद होती ना, कोंदट झालीय. दोन दिवस उन्हात ठेवा." आणि मी मान डोलावली. ती मान डोलावलेली मला अजून रात्री आठवते. तिथेच सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायला हवा होता. आज ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर राखाडी गाळाची रेघ आहे, खरवडली की नखात येते. गालिचा बदलतात, सीटा धुतात, पण आत गुंडाळलेला पट्टा कोणी धूत नाही. तुम्ही ओढाच.

टोकन ५१,०००, आरटीजीएस २०,९९,०००, रोख १,५०,०००. रोखीची पावती दिली नाही, मीही मागितली नाही. एजंटाचे २५,००० वेगळे. रोख एक रुपया देऊ नका, आज तेवढ्या रकमेचा माझ्याकडे काहीच पुरावा नाही.

येताना परशुराम घाटातच सस्पेन्शनचा दिवा लागला. सकाळी अंगणात बघतो तर गाडी डाव्या अंगाला बसलेली, मागचं चाक मडगार्डमध्ये शिरलेलं. हवेवर चालणारं सस्पेन्शन आहे ते, हवा गेली की गाडी जागची हलत नाही. ट्रेलरचे १८,००० भरून अधिकृत वर्कशॉपला नेली. चेसिस नंबर टाकल्याबरोबर त्यांच्या कॉम्प्युटरवर २०२२ च्या सर्व्हिसला १,०७,००० किलोमीटर दिसले. सीटखालचा गालिचा उचलला तर वायरींचे कनेक्टर हिरवे पडलेले. खर्च ६,८४,०००, वायरिंगची हमी नाही. ओळखीच्या विमा सर्व्हेयरने शोधून काढलं: डिसेंबर २०२३ च्या वादळात गाडी चेन्नईत बुडाली, विमा कंपनीने टोटल लॉस करून भंगारात काढली. चेसिस नंबर देऊन ही चौकशी पैसे देण्याआधी करता येते. चेसिस नंबर कोणी "नंतर देतो" म्हणाला तर तिथून उठा.

पोलिसांकडे गेलो. "हा व्यवहार आहे साहेब, दिवाणी मॅटर." दुसऱ्यांदा गेलो तर, "ठाण्यात घडलं ना, तिकडे जा." १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. मी कागद छापून नेला, साहेबांनी वाचलासुद्धा नाही. ठाण्याला गेलो, तीन तास बाकावर बसवून अर्जावर नुसता शिक्का मारून दिला. आरटीओत म्हणाले, आम्ही चेसिस नंबर जुळतो का ते बघतो, पाणी गेलंय का ते नाही. अरे, मग परराज्यातली गाडी समोर उभी करून घेता कशाला? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं अधिकृतता प्रमाणपत्र सक्तीचं आहे. या यार्डाकडे ते आहे का, एवढंच विचारलं, तर "त्या आरटीओला विचारा". त्या आरटीओचा फोन वाजून वाजून बंद पडतो. २३ लाख गेलेला माणूस भिकाऱ्यासारखा टेबलं फिरतोय आणि एकाही खुर्चीला त्याचं काही नाही. तुम्ही जाल तेव्हा ते प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं नाही तर चहाही घेऊ नका.

१९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार केली, नंबर मिळाला, यार्डवाल्याने उत्तरच दिलं नाही. शेवटी रत्नागिरीच्या ग्राहक आयोगात केस टाकली. ५० लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्ह्यातच चालतो आणि आपण राहतो तिथे दाखल करता येतो, ठाण्याला खेटे घालायला लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे, माझ्यासारखे महिने घालवू नका.

लग्नाला वडील भाच्याच्या गाडीतून गेले, पुढच्या सीटवर पाय मुडपून. एस-क्लास अंगणात ताडपत्रीखाली आहे. गेल्या आठवड्यात एका दलालाने ९ लाख सांगितले. "फक्त पाण्याचं बोलू नका," म्हणाला. मी फोन ठेवला.