विंचवाचं मचाण पाठीवर: क्लायंबर, हँग-ऑन की सॅडल?

मचाण म्हटलं की आपल्याला आठवतो शेतातला माळा, नाहीतर बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरची प्राणीगणना. ती मचाणं एका जागी पक्की असतात. अमेरिकेतल्या मिशिगनच्या सरकारी जंगलात हरणाच्या शिकारीला जाणाऱ्याचं मचाण मात्र त्याच्याबरोबर गाडीतून उतरतं, पाठीवर चढतं, पहाटेच्या अंधारात मैलभर चालतं आणि बहुतेक वेळा संध्याकाळी परत येतं. गेल्या दोन हिवाळ्यांत डेट्रॉईटकडच्या तिघा मित्रांनी मला एकच प्रश्न विचारला: शिकारीचा कोर्स झाला, लायसन्स झालं, आता स्टँड (म्हणजे हे मचाण) कोणता घेऊ? तिघंही वजनाचे आकडे घेऊन आले होते. मी तिघांनाही आधी झाडांबद्दल विचारलं.

त्याचं कारण नियमांत आहे. खासगी जमिनीवर मालक फांद्या छाटून घेतो, बाणासाठी वाट मोकळी करतो. मिशिगनच्या सार्वजनिक जमिनीवर तुम्हाला फांदी तोडता येत नाही. खिळे, स्क्रू, झाडाची साल भेदणारं काहीही चालत नाही, म्हणजे पिळून बसवायच्या लोखंडी पायऱ्या बाद. जे करायचं ते पट्ट्या-दोरांवर. स्टँडवर तुमची ओळख लिहून तो हंगामात तिथे ठेवता येतो (तारखा त्या वर्षीच्या शिकारीच्या नियमपुस्तिकेत बघा), पण नाव लिहिलं म्हणून जागा तुमची होत नाही. पहाटे पाचला पोचलात आणि वर दुसराच कोणी बसलेला दिसला, तर टॉर्च खाली करून निमूट पुढे निघायचं. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये राज्याच्या डीएनआरच्या (नैसर्गिक संसाधन खात्याच्या) जमिनींवर, हायवे ६४ च्या दक्षिणेला, स्टँड रोजच्या रोज उतरवावाच लागतो. तिकडे जाणार असाल तर निम्मा निर्णय इथेच झाला.

क्लायंबर म्हणजे दोन तुकडे: वरचा बसायला, खालचा उभं राहायला, आणि दोन्हींना बुंध्याभोवती वळसा घालणारी केबल. वरच्यावर बसायचं, पायांनी खालचा ओढून घ्यायचा, त्यावर उभं राहून वरचा सरकवायचा. आपल्याकडचा पाडेली माडावर चढतो, त्याची ही ॲल्युमिनियमची आवृत्ती. फक्त माडाला फांद्या नसतात, हे विसरायचं नाही. लावणीच्या रेड पाईनमध्ये किंवा सरळसोट ॲस्पेनवर क्लायंबरसारखं सुख नाही. पाच-सात मिनिटांत २० फुटांवर, आणि बैठक खुर्चीसारखी. ओकच्या राईत मात्र, जिथे हरणं खरोखर येतात तिथे, दहा फुटांवर पहिली जाड फांदी आडवी येते आणि तुम्ही तिच्याखाली अडकून बसता.

बुंधा वर जाताना बारीक होतो, म्हणून खाली बांधताना प्लॅटफॉर्मची बाहेरची कड मुद्दाम थोडी उचलून ठेवतात. वर पोचेपर्यंत ती सपाट होते. पहिल्या खेपेला मी जमिनीवरच छान समतल लावला आणि वर तीन तास घसरगुंडीवर बसल्यासारखा टाचा रोवून काढले. दुसरी गोष्ट: दोन तुकडे एकमेकांना दोराने बांधलेले हवेतच. खालचा निसटून पडला तर दोराने ओढून घेता येतो. दोर नसेल तर वर बसून हाका मारायच्या.

सॅडलची जाहिरात सांगते, 'फक्त दोन पौंड'. ते खरं आहे, पण अर्धं. सॅडल म्हणजे झाडांवर काम करणाऱ्या कामगारांच्या हार्नेसवरून, म्हणजे अंगाला बांधायच्या सुरक्षा-पट्ट्यांवरून, आलेली कापडी बैठक. त्यात बसून बुंध्याला बांधलेल्या दोरावर रेलायचं, पाय एका छोट्या फळीवर. आता बेरीज करा. सॅडल आणि दोर मिळून साधारण दोन किलो, फळी दीड, वर चढायच्या चार स्टिक्स (बुंध्याला पट्ट्याने बांधायच्या पायऱ्यांच्या काठ्या) मिळून चार-पाच. झाले आठ किलो. बरेच क्लायंबर आठ ते अकरा किलोंत बसतात, त्यामुळे वजनाच्या नावाखाली सॅडल घेणाऱ्याची थोडी फसगत होते.

सॅडलची खरी मजा झाडात आहे. वाकडं, फांद्यांचं, दोन बुंध्यांचं, कसलंही चालतं. बुंध्याच्या आड लपता येतं. सामान पाठीला चिकटून राहतं, त्यामुळे सीडरच्या दाट दलदलीतून वाकून जाताना काही अडकत नाही. बदल्यात पहिले काही दिवस कमरेच्या हाडांवर पट्टा चावतो, आणि उजव्या हाताने नेम धरणाऱ्याला आपल्या उजवीकडे, मागच्या बाजूला आलेलं हरीण त्रासदायक पडतं. हे शिकायला वेळ लागतो. अंगणातल्या मेपलवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, पंधरा-वीस संध्याकाळी घालवा. शेजारी खिडकीतून बघतील, बघू द्या. दोराला कधीही ढील देऊन उभं राहायचं नाही हे अंगात मुरेपर्यंत वर जाऊ नका. ढील असेल तर पाय सुटल्यावर शरीर आधी पडतं आणि मग दोर झटक्याने अडवतो.

हँग-ऑन म्हणजे बुंध्याला पट्ट्याने आवळायची बैठक आणि फळी, चढायला त्याच स्टिक्स. स्टिक्ससकट दहा-बारा किलो होतात. शिवाय १८ फुटांवर एका दोरावर टेकून, दोन्ही हातांनी तो डोक्याच्या उंचीवर टांगायचा, आणि तेही अंधारात. रोज लावून रोज काढायला मला तो आवडत नाही. पण मिशिगनमध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावून नोव्हेंबरभर ठेवायचा असेल तर याच्यासारखा स्वस्त आणि आरामाचा दुसरा नाही. ठेवलेल्या स्टँडवर दरवेळी चढण्याआधी पट्टे बोटांनी चाचपा. खारी ते कुरतडतात. चोरीचं म्हणाल तर केबलचं कुलूप लावा आणि फार भरवसा ठेवू नका.

लॅडर स्टँड, म्हणजे झाडाला टेकवलेल्या शिडीवरची बैठक, विसरा. तो काकांच्या शेतावर चांगला. जमिनीवरचा तंबू, म्हणजे पॉप-अप ब्लाइंड, लहान मुलाला सोबत नेणार असाल तर घ्या.

आता ओझं कसं न्यायचं ते. माणसाला वजनाने जेवढं नडतं त्याहून आवाजाने नडतं. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम एकदा टण्ण वाजलं की शंभर यार्डांवरून फुस्स असा श्वास ऐकू येतो, पांढरी शेपटी उभी होते आणि सकाळ संपते. स्टिक्स एकात एक बसवून पट्ट्याने आवळा. बकलवर सायकलची जुनी ट्यूब किंवा हॉकीचा टेप गुंडाळा. घरी सगळं पाठीवर चढवून उड्या मारून बघा, जे वाजेल ते बांधा. जाड जाकीट अंगात घालून चालू नका, पाठीवर बांधा. घामेजल्या अंगाने शून्याखाली चार तास बसणं हीच खरी शिक्षा. आणि धनुष्य हातात धरून चढायचं नाही, ते दोराने मागून वर ओढायचं. पूर्ण अंगाचा हार्नेस जमिनीवर पाय असतानाच घालायचा. सॅडलमध्ये बैठक हाच हार्नेस असतो.

तर मित्रांना काय सांगितलं? पहिल्याच्या आवडत्या जागी सगळं पाईन होतं, त्याने जुना क्लायंबर घेतला, केबल आणि पिना तपासून. दुसरा दर शनिवारी नवी जागा शोधणारा, त्याने सॅडल घेतलं आणि उन्हाळाभर अंगणात लटकला. तिसऱ्याने अजून काही घेतलेलं नाही. तो तीन पायांचं स्टूल घेऊन पडलेल्या ओकच्या मुळांआड बसतो, आणि गेल्या नोव्हेंबरात हरीण फक्त त्याला मिळालं. पोट साफ केलेली मादी पन्नास किलोंच्या आसपास भरते. ती ओढत गाडीपर्यंत आणताना त्याच्या पाठीवर दुसरं काही नव्हतं. तुमच्या पाठीवर असेल, तर स्टँड त्या रात्री नावासकट झाडावर सोडा, आणि विस्कॉन्सिनच्या दक्षिणेत असाल तर दुसऱ्या खेपेची तयारी ठेवा.